आधी माळ, मग प्रतीक: माणदेशी साहित्याच्या एका वाचनाचा प्रतिवाद

मराठी साहित्यातील निसर्गचित्रणाची चर्चा निघाली की माणदेशाच्या वाट्याला एक ठरलेले मत येते. साताऱ्याचा माण तालुका, सांगलीचा आटपाडी तालुका आणि त्यांना लागून असलेला सोलापूरचा सांगोला हा माण नदीच्या काठचा मुलूख कमी पावसाचा, उघड्या माळांचा आणि वारंवार दुष्काळ भोगणारा आहे. त्यामुळे या मुलखातून आलेल्या साहित्यात निसर्ग जवळजवळ नाहीच, आहेत ती केवळ माणसे, आणि माळ, ऊन, वावटळ, दुष्काळ असे जे काही त्यात दिसते ते माणसाच्या पोरकेपणाचे, पराभवाचे किंवा आतल्या रितेपणाचे प्रतीक म्हणून वाचायचे, असे हे मत आहे. वर्गात, प्रस्तावनांत आणि चर्चासत्रांत ते इतक्या सहजपणे मांडले जाते की त्यासाठी पुरावा मागावा असे कोणालाच वाटत नाही. पुरावा मागितला तर मात्र ते उभे राहत नाही.

या मताचे चार भाग वेगळे करता येतात. पहिला, माणदेशात वर्णन करण्याजोगा निसर्ग नाही. दुसरा, त्या साहित्यातील माळ आणि दुष्काळ यांचे खरे काम प्रतीकाचे आहे. तिसरा, निसर्गाची तपशीलवार नोंद ही साहित्याची खालची पायरी असून प्रतीक ही वरची पायरी आहे. चौथा, आता कालव्यांचे पाणी आल्यामुळे दुष्काळी मुलखाचे हे चित्र इतिहासजमा झाले आहे. हे चारही भाग एकमेकांच्या आधाराने उभे आहेत आणि चारही चुकीचे आहेत.

निसर्ग नाही असे म्हणताना निसर्गाचे कोणते माप वापरले जाते, हे आधी पाहिले पाहिजे. ते माप हिरवाईचे आणि वाहत्या पाण्याचे आहे. सातारा या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यातील दहिवडी-म्हसवडच्या बाजूला त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून पश्चिमेकडे रिते होतात आणि पूर्वेचा मुलूख पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरामुळे पाऊस अडलेल्या पट्ट्यात, राहतो. एकाच वाऱ्याची आणि एकाच डोंगराची ही दोन रूपे असताना त्यांतल्या एकाला निसर्ग म्हणायचे आणि दुसऱ्याला निसर्गाची उणीव म्हणायचे, याला कोणता तार्किक आधार आहे?

माणदेशाचा निसर्ग कमी पावसाने घडलेला आहे आणि म्हणूनच तो अतिशय नेमका आहे. तेथे मृगापेक्षा उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसाकडे अधिक आशेने पाहिले जाते, कारण परतीच्या पावसाची ओल जमिनीत मुरली तरच रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू हाती लागतो. माळावर कुसळी आणि पवन्या यांसारखी गवते वाढतात, तरवड फुलतो, ओढ्याच्या काठाने बाभळी आणि हिवर उभे राहतात. लांडगा, खोकड, ससा, चंडोल, टिटवी यांची वस्ती याच उघड्या रानात असते. दाट जंगलात हे प्राणी-पक्षी अशा रीतीने जगू शकत नाहीत, आणि सावली देणाऱ्या झाडांची गर्दी झाली की हे गवतही टिकत नाही. उघडेपणा हीच या सृष्टीची जगण्याची अट आहे. मग तिला ओसाड म्हणणारे वाचन तिचे वर्णन करते, की आपल्या डोळ्यांच्या सवयीचे?

या पहिल्या भागाच्या समर्थनासाठी व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या पुस्तकाचे नावच पुढे केले जाते. लेखकाने माणसे लिहिली, म्हणजे त्याला निसर्ग लिहायचा नव्हता, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. परंतु त्या व्यक्तिचित्रांतील माणसांच्या अंगाची ठेवण, त्यांचे धंदे, त्यांची भूक आणि त्यांचा स्वभाव यांवर त्या कोरड्या भूमीने केलेले काम पानोपानी दिसते. मुलखाचे नाव शीर्षकातील माणसांच्या आधी येते आणि ते शोभेसाठी येत नाही. माडगूळकर स्वतः चित्रकार होते, रानात भटकणारे जाणते निरीक्षक होते आणि पुढे त्यांनी ‘नागझिरा’सारखे पूर्णपणे अरण्यावरचे पुस्तक लिहिले. अशा लेखकाला आपल्या जन्मभूमीतील निसर्ग दिसला नसेल, हे मानणे वाचकाच्या दृष्टीतील उणीव लेखकाच्या नावावर टाकण्यासारखे आहे.

दुसरा भाग अधिक प्रतिष्ठित आणि म्हणून अधिक हानिकारक आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीतील दुष्काळ हे समूहाच्या विघटनाचे प्रतीक आहे, माळ हे शिक्षकाच्या एकाकीपणाचे प्रतीक आहे, मेंढरे हे भोळ्या समाजाचे प्रतीक आहे, अशी समीकरणे मांडली की कादंबरी समजली असे मानले जाते. या समीकरणांची एक साधी कसोटी घेता येते. प्रतीक म्हणून वापरलेली वस्तू बदलून तिच्या जागी तोच अर्थ देणारी दुसरी वस्तू ठेवली आणि कथा तशीच चालू राहिली, तर ती वस्तू खरोखरच केवळ प्रतीक होती असे म्हणावे. बनगरवाडीतला दुष्काळ काढून तेथे महापूर, आग किंवा साथ ठेवली तर कादंबरी तीच राहील काय?

उत्तर कादंबरीच्या रचनेतच आहे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीत राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण शिक्षक येतो, आणि तेथे शाळा चालवण्याचा त्याचा पहिलाच प्रश्न मेंढरांच्या चराईशी बांधलेला असतो, कारण मुले मेंढरांमागे असतात आणि मेंढरे गवतामागे. वाडीचा दिवस, वाडीची मिळकत, वाडीतले भांडण आणि वाडीचे औदार्य हे सारे चाऱ्यावर उभे आहे. म्हणून पाऊस हुकतो तेव्हा क्रमाने एकेक गोष्ट ढासळते: गवत जाते, मग मेंढरे जातात, मग मेंढरांमागे माणसे निघतात, मग शाळेत मुले उरत नाहीत आणि शेवटी शिक्षकालाही तेथे राहण्याचे कारण उरत नाही. ही कार्यकारणाची साखळी आहे. दुष्काळ येथे विघटनाकडे बोट दाखवत नाही, तो विघटन घडवतो. आणि जो घडवतो त्याला केवळ सूचक म्हणणे म्हणजे कथेच्या मुख्य कर्त्याला पडद्यावरचे चित्र समजणे होय.

या अपवाचनाचा तोटा कादंबरीच्या शेवटाशी सर्वांत अधिक जाणवतो. धनगर समाजाच्या वर्षात जाणे हे नेहमीचेच आहे. पावसाळा सरला की कळप पश्चिमेकडे, नदीकाठच्या आणि घाटाच्या बाजूच्या मुलखात उतरतात. तेथील शेतात रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे बसवली जातात, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य देतो, आणि पावसाच्या तोंडावर कळप पुन्हा आपल्या माळाकडे वळतात. या जाण्याला परतीची खात्री असते. मागे म्हातारी माणसे राहतात, चुली पेटत्या राहतात. ज्याला हे चक्र ठाऊक आहे, त्यालाच दुष्काळात वाडी उठते तेव्हाचे जाणे किती वेगळे आहे हे कळते, कारण तेथे ऋतूचा करार मोडलेला असतो आणि परतीचा दिवस कोणालाच सांगता येत नाही. ज्याने माळाला आरंभापासूनच रितेपणाचे प्रतीक ठरवले, त्याच्या दृष्टीने वाडी पहिल्या पानावरही रितीच होती. मग शेवटी काय हरवले हे त्याला कसे समजणार? भरल्या माळाचे ज्ञान नसेल तर उजाडलेल्या माळाची शोकांतिका वाचताच येत नाही.

तिसरा भाग साहित्यशास्त्राच्या नावाने बोलतो, म्हणून त्याला साहित्यशास्त्रानेच उत्तर दिले पाहिजे. तपशील ही नोंद असते आणि प्रतीक ही कला असते, ही उतरंड भारतीय काव्यविचाराला मान्य नाही. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात ध्वनीचे, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे सूचित होणाऱ्या अर्थाचे, दोन मोठे प्रकार सांगितले. पहिला अविवक्षितवाच्य, ज्यात शब्दांचा सरळ अर्थ कवीला अभिप्रेतच नसतो. दुसरा विवक्षितान्यपरवाच्य, ज्यात सरळ अर्थ पूर्णपणे अभिप्रेत असतो आणि तो उभा राहूनच पुढच्या अर्थाकडे नेतो. आनंदवर्धनाने सूचित अर्थाचे जे प्रसिद्ध उदाहरण आरंभीच घेतले, ती गोदावरीकाठच्या झाडीतल्या सिंहाविषयीची प्राकृत गाथा आहे; तिच्यातील निषेधाची, म्हणजे तिकडे जाऊ नये अशी, सूचना कळायची तर सिंह, झाडी आणि नदीकाठ ही सारी खरी मानावी लागतात. सिंह खोटा ठरला तर भीती उरत नाही आणि भीती उरली नाही तर सूचनाही उरत नाही.

माणदेशी गद्यातील निसर्ग या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यातील ऊन आधी अंगाला लागते, अंतर आधी पायांना जाणवते, कोरडी विहीर आधी कोरडी असते, आणि मग या प्रत्यक्षपणातून माणसाच्या स्थितीविषयी काही उमगते. प्रचलित वाचन मात्र त्याला पहिल्या प्रकारात ढकलते, म्हणजे सरळ अर्थ टाकून देण्याजोगा आहे असे धरून चालते. ही निवडीची बाब नाही; ही वर्गीकरणातील चूक आहे, आणि तिच्यामुळे ज्या पायावर सूचित अर्थ उभा असतो तोच पाया उखडला जातो.

हा पाया मराठी मुलखात नवा नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात पिकांच्या वाढीशी आणि कापणीशी माणसांची सुखदुःखे थेट बांधलेली आहेत. शेत उभे असते तोवर प्रेमिकांना भेटण्याची जागा असते आणि पीक वाळून कापले गेले की ती जागा जाते, अशा अर्थाच्या गाथा तेथे वारंवार भेटतात. वाळलेले शेत तेथे विरहाची उपमा म्हणून येत नाही, ते विरहाचे कारण म्हणून येते. सुमारे दोन सहस्रके जुन्या या परंपरेशी ‘बनगरवाडी’चे नाते जितके जवळचे आहे, तितके प्रतीकांच्या आयत्या यादीशी नाही. इंग्रजी कादंबरीतही टॉमस हार्डी याने १८७८ मध्ये ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीचे सारे नाट्य एग्डन हीथ या झुडपांच्या उघड्या माळावर उभे केले, आणि त्या माळाला तेथील समीक्षेने कादंबरीतील एका पात्राचे स्थान दिले. परदेशी लेखकाचा माळ पात्र म्हणून वाचता येतो, मग म्हसवड-आटपाडीचा माळ तसा का वाचता येऊ नये?

माडगूळकरांच्याच ‘सत्तांतर’ या कादंबरीचे उदाहरण या ठिकाणी निर्णायक आहे. वानरांच्या टोळ्यांतील संघर्षाची ही कथा. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि शीर्षक पाहताच तिला माणसांच्या राजकारणाचे रूपक ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु बाहेरचा नर टोळीवर चालून येतो, जुन्या नराला हुसकावतो आणि टोळीतील पिले मारतो, हे वानरांचे वर्तन जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडच्या परिसरात प्रत्यक्ष पाहून नोंदवलेले होते. वानरांना सत्तेचा संघर्ष माणसाकडून उसना घ्यावा लागत नाही. ही कादंबरी माणसाला अस्वस्थ करते, कारण तिच्यातील वानर हे वानरच आहेत. त्यांना माणसांचे मुखवटे समजले की ती अस्वस्थता संपते आणि उरते ती ओळखीची राजकीय टीका.

एका वस्तूला एक प्रतीकार्थ चिकटवण्याच्या या पद्धतीत आणखी एक मोठा दोष आहे: माळ सर्वांसाठी सारखाच आहे असे ती गृहीत धरते. आटपाडीत जन्मलेल्या शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र आणि ‘सांगावा’, ‘तडीपार’ यांसारखे कथासंग्रह त्याच भूमीतून आले आहेत. तराळ म्हणजे पाळीने गावकीची कामे करणारा महार; गावाचे आणि सरकारचे निरोप पोचवणे, मयताचा सांगावा घेऊन दूरच्या गावापर्यंत ऊनपावसात चालत जाणे, हे त्याच्यावर जन्माने लादलेले काम होते. धनगराला माळ चराई देतो, शेतकऱ्याला तो पडीचा तुकडा वाटतो, आणि तराळाच्या पायांना तोच माळ वेठीचे अंतर म्हणून भेटतो. पाण्याची टंचाई सर्वांना असते, पण ज्या विहिरीवर आपल्याला चढू दिले जात नाही तिच्यातील पाणी भर पावसाळ्यातही दूरच असते. येथे निसर्ग आणि जातिव्यवस्था यांची गाठ इतकी घट्ट आहे की केवळ ‘तहान’ हे प्रतीक काढून तिला मानवी अस्तित्वाची चिरंतन अवस्था म्हणणे अन्यायाचे ठरते. ज्या तहानेला गावाच्या नियमाने जन्म दिला, तिचा दोष आभाळावर टाकणारे वाचन कोणाच्या सोयीचे असते?

दलित साहित्यात निसर्ग नाही, हे विधानही याच चुकीतून निघते. निसर्गाकडे निवांत पाहण्याची सवड ज्यांना कधी मिळाली नाही, त्यांच्या लेखनात निसर्ग देखावा म्हणून येणार नाही; तो ओझे, अंतर, ऊन, मेलेले जनावर आणि नाकारलेला पाणवठा म्हणून येईल. हे निसर्गचित्रण नाही असे म्हणायचे असेल, तर निसर्गचित्रणाची व्याख्या रिकामा वेळ असलेल्या माणसापुरती मर्यादित आहे, हे उघडपणे मान्य करावे लागेल.

माणदेशात प्रतीके नाहीत असे या प्रतिवादाचे म्हणणे मुळीच नाही. तेथील लोकपरंपरेत ती भरपूर आहेत, आणि ती कशी घडतात हे पाहिले तर मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाला चैत्र महिन्यात कावडी येतात. सासवडची भुतोजी तेली यांची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन येते आणि अवघड मुंगी घाटाने डोंगर चढते. ज्या महिन्यात पाणी सर्वांत मोलाचे असते, त्या महिन्यात ते खांद्यावरून डोंगरावर नेऊन देवाला घालणे, या कृतीत प्रतीक आहे यात शंका नाही. परंतु खांद्यावरचे वजन, घाटाचा चढ आणि चैत्राचे ऊन वगळले तर त्या प्रतीकात काय शिल्लक राहते? धनगरी ओव्यांचेही तसेच आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या मेहनतीने जमवल्या, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांचा अभ्यास केला आणि वन व क्षेत्र, म्हणजे चराईचे मोकळे रान आणि नांगरटीची वसलेली भूमी, यांच्या परस्परसंबंधातून या दैवतांचा अर्थ लावला. ज्या रानाला साहित्याचे वाचक रिते म्हणतात, त्या रानात या परंपरेने आपले देव बसवले आहेत.

चौथ्या भागाचे उत्तर वर्तमानात आहे. कृष्णेचे पाणी उचलणारी टेंभू उपसा सिंचन योजना आटपाडीपर्यंत पोचली, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या तळमळलेल्या लोकांचे हाल कमी झाले, ही निःसंशय समाधानाची गोष्ट आहे. दुष्काळाचे गौरवीकरण कोणीही करू नये. परंतु पाणी आले म्हणून ते साहित्य जुने झाले, हा निष्कर्ष पुन्हा त्याच गृहीतकावर उभा आहे की त्या साहित्याचा विषय पाण्याचा अभाव एवढाच होता. त्याचा विषय माळावरचे संपूर्ण जगणे हा होता, आणि ते जगणे आज अधिक धोक्यात आहे. चराईची राने नांगराखाली जात आहेत, कुंपणांनी कळपांच्या जुन्या वाटा अडत आहेत, आणि सरकारी वर्गीकरणात गवताळ माळ दीर्घकाळ पडीक जमीन म्हणूनच मोजला गेल्यामुळे त्यावर झाडे लावणे किंवा प्रकल्प उभारणे ही सुधारणाच समजली जाते. अलीकडे आटपाडीच्या वनक्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि लांडग्यासारख्या प्राण्याचे घर म्हणून त्या रानाची दखल घेतली गेली, हा या दृष्टीत होऊ लागलेला बदल आहे. साहित्याच्या वाचकांनी मात्र तो अजून केलेला नाही.

महसुलाच्या दप्तरातील पडीक हा शेरा आणि समीक्षेतील रितेपणाचे प्रतीक हा शेरा यांत वाटते तितके अंतर नाही. दोन्ही ठिकाणी जे समोर आहे ते न पाहता जे नाही त्याची नोंद केली जाते. ज्या मुलखाचे सर्वांत जाणते साहित्य शाळा-महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले, त्या मुलखाच्या माळावरची दोन गवतेही विद्यार्थ्याला ओळखता येऊ नयेत आणि अस्तित्वाच्या पोकळीवर मात्र त्याला चार पाने लिहिता यावीत, ही शिक्षणाची यशस्विता मानायची काय? जे लेखक आपल्या भूमीचा तपशील इतक्या निष्ठेने लिहून गेले, त्यांच्या तपशिलाकडे पाठ फिरवून त्यांचा गौरव करणे हा गौरव होऊ शकत नाही.

म्हणून माणदेशी साहित्य वाचण्याचा क्रम उलटा करणे आवश्यक आहे. आधी पाऊस कोणत्या नक्षत्रात आला आणि कोणत्यात हुकला ते पाहावे, कळप कोठून कोठे गेला ते पाहावे, विहीर कोणाची होती आणि तिच्यावर कोणाला चढू दिले नव्हते ते विचारावे, वाट किती लांब होती आणि ती कोणाला चालावी लागली ते मोजावे. या साऱ्यानंतर जो अर्थ उरेल तो प्रतीकाचा असेल तर तो आनंदाने स्वीकारावा. मराठीतील निसर्गसाहित्याची सीमा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर संपत नाही. माण, आटपाडी आणि सांगोल्याच्या माळांवर त्या साहित्याने आपली अत्यंत कठोर आणि सत्यनिष्ठ पाने लिहिली आहेत, आणि त्या पानांतील निसर्गाला निसर्ग म्हणण्याचे नाकारणारी समीक्षा मराठी साहित्याच्या एका मोठ्या कर्तृत्वालाच नाकारते आहे.